वाचकांचे प्रश्न : जुन्या एकबारी बंदुका

प्रश्न (दापोली) : मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे त्याने विंचेस्टरची १८८५ मॉडेलची सिंगल-शॉट रायफल घेतलीय, हाय वॉल म्हणतात ती. शंभर वर्षांवरची अँटिक आहे, लायसन्स लागत नाही, मे महिन्यात येताना घेऊन येतो आणि ओटीवर लावू, असं म्हणतोय. आणू दे ना?

उत्तर : नको, आजच फोन करून सांगा त्याला. तो सांगतोय तो नियम तिकडचा आहे. तिकडच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरतात आणि तिला बरीच सूट मिळते. आपल्याकडे नुसत्या वयावर सूट नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये जुन्या आणि मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण कधी, तर ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हाच. हाय वॉल तर आजही उडते, म्हणजे ती कायद्याने बंदूकच, आणि आयातीच्या लायसन्सशिवाय आणली तर विमानतळावरच गुन्हा दाखल होईल पोरावर.

पण त्याची निवड मात्र फार सुंदर आहे हो. ही रायफल जॉन ब्राउनिंगची, युटातल्या ऑग्डेन गावचा माणूस, १८७९ मध्ये पेटंट घेतलं आणि १८८३ मध्ये विंचेस्टरने ते ८००० डॉलरला विकत घेतलं. खालचा लिव्हर ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली सरकतो, काडतूस घालायचं, लिव्हर वर, ठोकळा बंद, बस. मी तासन् तास बघत बसू शकतो ते. मुलाला म्हणावं रायफलीवरचा नंबर नीट वाच, कारण हे मॉडेल १८९८ नंतरही बरीच वर्षं बनत होतं, त्यामुळे तिकडची सूटसुद्धा प्रत्येक हाय वॉलला नाही. वायोमिंगमधल्या कोडी म्युझियमकडे विंचेस्टरची जुनी फॅक्टरी रजिस्टरं आहेत, नंबर दिला की नोंद सापडू शकते. तो कागद आणि चांगले फोटो त्याने तुम्हाला पाठवावेत, ते खुशाल ओटीवर लावा.

प्रश्न (मालवण) : मी बारावीत आहे, मला या रायफलींचं वेड आहे. एक शंका, १८७३ मध्ये धडाधड उडणारी विंचेस्टर आली होती, तरी तिकडचे शिकारी एकाच गोळीची शार्प्स कंपनीची रायफल का घेऊन फिरायचे?

उत्तर : छान विचारलंस. उत्तर काडतुसात आहे. १८७३ च्या विंचेस्टरचं ४४-४० काडतूस म्हणजे साधारण १३ ग्रॅमची गोळी आणि अडीच ग्रॅम काळी दारू, पिस्तुलाच्या जातीचंच म्हण ना. शार्प्समध्ये चालणाऱ्या ४५-७० काडतुसात २६ ग्रॅमची गोळी आणि साडेचार ग्रॅम दारू. समोर बायसनचा नर, आपल्या गव्यासारखा, वजन ९०० किलोपर्यंत जाणारा, आणि तोही लांबवर उभा, तिथे छोटी गोळी काय करणार? एवढा दाब त्या काळच्या रिपीटरच्या, म्हणजे धडाधड उडणाऱ्या रायफलीच्या, यंत्राला झेपणारा नव्हता, शार्प्सचा नळीमागचा ठोकळा मात्र तो आरामात सोसायचा. याच ताकदीने १८७० च्या दशकात तिकडचे बायसनचे कळपच्या कळप संपवले, हेही वाचून ठेव. नुसतं यंत्र आवडून भागत नाही, त्याने काय केलं तेही कलेक्टरला माहीत हवं. आत्ता वस्तू गोळा करू नकोस, कॅटलॉग, चित्रं, काडतुसांची मापं गोळा कर, वही भर. मीही तसंच केलं होतं.

प्रश्न (राजापूर) : घराची कौलं परतताना माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक मिळाली, गोणपाटात गुंडाळलेली. गंज खूप आहे. घासून चकचकीत करून ठेवू का?

उत्तर : थांबा, आधी ती भरलेली आहे का ते बघायला हवं. ठासणीची भरून ठेवली आणि माणूस गेला की ती तशीच राहते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते. तुम्ही स्वतः उघडू नका, ड्रिल नको, गरम करणं नको, घोडा उचलून बघणंही नको. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा आणि जाणत्या बंदूक कारागिराला घरी बोलवा. तो गज आत घालून किती खोल जातो ते बाहेरून मोजतो, केप बसवतात त्या जागेपर्यंत गज पोचला नाही तर आत काहीतरी आहे.

दुसरं म्हणजे आजोबांचा परवाना शोधा, शेती संरक्षणाचा असेल बहुतेक. सापडो न सापडो, पोलीस ठाण्यात जाऊन सांगा आणि बंदूक जमा करा, मग वारस म्हणून तुमच्या नावावर परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांत वारसांची तरतूद आहे. उशीर करू नका, सापडली ती लपवली असं होता कामा नये.

आणि घासायचं म्हणाल तर हात जोडून सांगतो, घासू नका. आमच्या लांज्याच्या घरातल्या ठासणीच्या बंदुकीला काकांनी दसऱ्याच्या पूजेआधी सँडपेपर मारला होता, नळी चमकली पण तिच्यावरचा कारागिराचा शिक्का कायमचा गेला, आता ती कुठली, कुणी केली, काही कळायला मार्ग नाही, अजून वाईट वाटतं मला. तुमची परत मिळाली की गंजावर पातळ तेल लावून दोन दिवस ठेवा, मऊ कापडाने पुसा, जो तपकिरी रंग उरेल तो राहू दे. गोणपाट नको, चामड्याची पिशवीही नको, दोन्ही ओल धरतात आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात नळी खातात. उघडी, भिंतीपासून लांब, कुलपात ठेवा आणि श्रावणात दर आठवड्याला तेलाचं फडकं फिरवा.