सगळेच 'पूर्ण सहमत' असतात तेव्हा

प्रश्न : एमबीएच्या प्रकल्पासाठी एका पतसंस्थेच्या कार्यसंस्कृतीचा अभ्यास करते आहे. 40 कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. 'वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलता येतं' यापुढे जवळजवळ सगळ्यांनी 'पूर्ण सहमत' लिहिलंय. आता मांडू काय?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : प्रश्नावल्या फेकू नका. संस्थेत काय बोललेलं चालतं, हे त्यातून नेमकं कळतं. संस्थांच्या कार्यसंस्कृतीचे अभ्यासक एडगर शाईन यांनी संस्कृतीचे तीन थर मांडले : डोळ्यांना दिसणारं, तोंडाने सांगितलं जाणारं आणि तळाशी मुरलेली गृहीतकं. तुमच्या हाती मधला थर लागलाय. (भरलेले फॉर्म शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर गोळा झाले असतील, तर तोही धड नाही.)

आता आठ-दहा दिवस नुसतं बसा. कर्जाची फाइल नेमकी कोणाच्या तोंडी होकारानंतर हलते? मस्टरवर उशिराची खूण कोणाला लागते, कोणाला नाही? बैठकीत पहिलं कोण बोलतं? टिपणं त्याच रात्री उतरवा. पाहिलेलं डाव्या पानावर, तुम्ही लावलेला अर्थ उजव्या. ही दोन पानं एकमेकांत मिसळली की अभ्यास बिघडलाच.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये 14 कामगारांच्या खोलीत एक निरीक्षक असाच महिनोन्‌महिने बसला होता. काम वाढलं की पैसे वाढणार, अशी पद्धत होती. तरी दिवसाला किती काम 'पुरे', हे कामगारांनीच आपसांत ठरवलेलं. पुढे धावणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. तो गुद्दा कुठल्या प्रश्नावलीत मावणार?

मग एकाच श्रेणीतल्या सहा-आठ जणांना दीड तास एकत्र बसवा, साहेबांशिवाय. 'वातावरण कसं आहे?' हा प्रश्न टाळा. उत्तर 'छान' येतं. 'नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय बजावता?' असं विचारा. 'साहेबांना शेवटचं नाही कोण म्हणालं, पुढे काय झालं?' हेही.

जिथे सांगणं आणि वागणं जुळत नाही, तिथे खणा. कागदावर मोकळेपणा, पण बैठकीत अध्यक्ष बोलेपर्यंत सगळे गप्प, तर 'चारचौघांत विरोध म्हणजे अपमान' हे गृहीतक असू शकेल. एका बैठकीवरून ते ठरवू नका. निदान तीन वेगळ्या प्रसंगांत दिसायला हवं. शेवटी ते त्याच गटापुढे ठेवा. 'त्यात काय, असंच असतं की!' असं कोणी म्हणालं, तर बहुधा तळ लागला.

अहवालात मात्र 'मुख्य शाखेतल्या ज्येष्ठ रोखपाल' असं लिहू नका. 40 जणांच्या संस्थेत त्या कोण, हे शिपायालाही कळतं.