काँक्रीट ब्लॉकची भिंत बांधताना ब्लॉक विटांसारखे भिजवायचे का? (मुंबईतला फ्लॅट, 4 इंची पार्टिशन)

नाही. गवंडी विटांच्या सवयीने ब्लॉकवरही पाइप सोडतात आणि गोची तिथेच होते. वीट कोरडी लावली तर मसाल्यातलं पाणी ओढून घेते, म्हणून ती भिजवायची. काँक्रीटचा ब्लॉक ओला असताना फुगतो, वाळताना आकसतो. ओलाच लावलात तर तो भिंतीत आकसेल आणि सांध्यासांध्याने पायऱ्यापायऱ्यांची चीर जाईल. मग कितीही पुट्टी भरा. फारच ऊन असेल तर फक्त मसाला लागणाऱ्या बाजूवर पाण्याचा हात फिरवा.

आपल्याकडे पावसाळ्यात ब्लॉक आपोआपच भिजतात, म्हणून फळ्यांवर रचून ताडपत्री टाका. ताजा माल घेऊ नका, ब्लॉक किमान 28 दिवसांचे हवेत.

बाकी नेहमीचंच: मसाला 1:6 (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), सांधा 10 मिमी, आणि उभे सांधेही भरलेले (हे सगळेच टाळतात, उभं राहून बघा). 4 इंची भिंतीला मीटरभर उंचीवर सळ्या टाकून पाटली (काँक्रीटचा आडवा पट्टा) घ्या. दिवसाला मीटर-सव्वा मीटरच चढवा. बीमखालची फट शेवटी, भिंत बसल्यावर भरा. कॉलमच्या जोडावर प्लास्टरआधी जाळी मारा.