सूज उतरली, तरी इंजेक्शन का?

प्रश्न: मी ३२ वर्षांची आहे. पीसीओएस (अंडाशयांचा, पाळी अनियमित करणारा विकार) असल्याने आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा करण्याचे उपचार, सुरू केले. स्त्रीबीजं काढल्यावर पोट फुगलं, दम लागू लागला, अ‍ॅडमिट व्हावं लागलं. भ्रूण गोठवून ठेवलेत. आता सूज उतरली, तरी रोज पोटावर हेपॅरिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. ते कशासाठी? बाळाला पुढे अपाय होईल का? सासूबाई म्हणतात, अंथरुणातून उठूच नकोस. माझ्या आईला बाळंतपणात पायात रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांना ते सांगायचं राहिलंय.

उत्तर: आईबद्दलची गोष्ट आजच फोन करून डॉक्टरांना कळवा. गुठळ्या होण्याची प्रवृत्ती घराण्यात असू शकते. त्यावरून काही रक्ततपासण्या होतील आणि हेपॅरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध, किती काळ घ्यायचं तेही ठरेल.

तुम्हाला झालं त्याला ओएचएसएस म्हणतात, म्हणजे बीजं वाढवण्याच्या औषधांना अंडाशयांनी दिलेला अतिप्रतिसाद. बीजं पिकवण्यासाठी दिलेल्या एचसीजी या संप्रेरकाच्या इंजेक्शननंतर सुजलेल्या अंडाशयांतून असे घटक सुटतात की रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात साचतं, मागे उरलेलं रक्त दाट होतं. त्यात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढलेलं असतं, तेही रक्त गोठायला मदत करतं. पोट उतरलं म्हणून धोका लगेच सरत नाही. काही आठवड्यांनीही गुठळ्या झालेल्या आहेत. इंजेक्शन त्या टाळण्यासाठी आहे, मनाने बंद करू नका. हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत पोचत नाही, म्हणून गरोदरपणातही देतात. टोचल्या जागी काळंनिळं होतं, त्याला घाबरू नका. रक्तस्राव झाला तर मात्र कळवा.

एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा. एरवी गुठळी बहुधा पायात होते, या आजारात मात्र ती मानेच्या किंवा हाताच्या शिरेतही होते. मानेची एक बाजू दुखली, सुजली, एकच हात जड झाला, तर उशी चुकली म्हणत तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. अचानक श्वास लागला किंवा छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि आयव्हीएफचं आधी सांगा, कारण तिथल्या डॉक्टरांना ते आपोआप कळणार नाही.

सासूबाईंची काळजी मला समजते, पण पडून राहिल्याने रक्त पायात साकळतं. घरात हळूहळू फिरा, पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं प्या.

भ्रूण गर्भाशयात लगेच न सोडता गोठवले, हे फार चांगलं झालं. त्याच वेळी गर्भ राहिला असता, तर शरीरात तयार होणाऱ्या एचसीजीने हा त्रास लांबला असता. आता ट्रान्सफरआधी, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी, विचारा: इस्ट्रोजेनच्या गोळ्यांऐवजी नैसर्गिक पाळीत करता येईल का? पीसीओएसमध्ये पाळी अनियमित असेल तर ते जमेलच असं नाही, पण आईचा इतिहास कळल्यावर डॉक्टर त्याचा नक्की विचार करतील.