भूल, म्हातारपण आणि उपाशी पोट: वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञाची उत्तरे

भुलेविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांचा आधार घेतला आहे. मात्र चालू असलेले कोणतेही औषध हा मजकूर वाचून परस्पर बंद करू नये. तो निर्णय आपल्या भूलतज्ज्ञाशी बोलूनच घ्यावा.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. घरात पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आहे. ‘पूर्ण भूल दिली तर म्हातारा माणूस भ्रमिष्ट होतो, कमरेखालचीच भूल मागा’ असे सगळे नातेवाईक सांगत आहेत. आम्ही तसा आग्रह धरावा का?

हा समज केवळ नातेवाइकांचा नव्हता; आम्ही भूलतज्ज्ञही बरीच वर्षे तसेच मानत होतो. तर्क सरळ होता : मणक्यातून भूल दिली की मेंदूवर औषधाचा भार पडत नाही, म्हणून नंतरचा संभ्रमही कमी व्हावा. हा तर्क प्रत्यक्ष तपासणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या अलीकडे झाल्या. अमेरिका आणि कॅनडातील ४६ रुग्णालयांत खुब्याजवळचे हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला स्पायनल, म्हणजे मणक्यातून दिलेली कमरेखालची भूल, आणि दुसऱ्याला पूर्ण भूल देण्यात आली. ‘रीगेन’ नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ दिवसांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा स्वतःच्या बळावर चालू न शकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण स्पायनल गटात १८.५ टक्के आणि पूर्ण भुलेच्या गटात १८ टक्के होते. संभ्रमाचे प्रमाणही दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास होते. पुढच्याच वर्षी चीनमधील ‘रागा’ चाचणीचा निष्कर्ष आला. तिच्यात स्पायनल गटाला गुंगीचे औषध अजिबात दिलेले नव्हते, त्यामुळे तुलना अधिक स्वच्छ होती. तरीही संभ्रमाचे प्रमाण स्पायनल गटात ६.२ आणि पूर्ण भुलेच्या गटात ५.१ टक्के, म्हणजे फरक नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा आग्रह धरू नका. आग्रहाने उलट तोटाही होऊ शकतो. आपल्या वडिलांना हृदयासाठी क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर स्पायनल देण्यापूर्वी पाच ते सात दिवस थांबावे लागते. केवळ भुलेच्या प्रकारासाठी खुबा मोडलेल्या वृद्धाला इतके दिवस खाटेवर ठेवणे मला तरी परवडणारे वाटत नाही. शस्त्रक्रिया निदानानंतर सहा तासांच्या आत करण्याचे उद्दिष्ट ठेवल्यास काय फरक पडतो, हे १७ देशांतील २,९७० रुग्णांवर तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. घाई केल्याने मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, मात्र संभ्रम कमी झाला : नेहमीच्या गटात बारा टक्के, तर लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात नऊ टक्के.

संभ्रमाविरुद्ध कुटुंबाच्या हातात बरेच काही असते, आणि आपल्याकडे नेमके तेच राहून जाते. वडिलांचा चष्मा आणि कानाचे यंत्र ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवले जाते. शस्त्रक्रियेनंतर जाग आल्यावर त्यांना धड दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि रात्रभर वॉर्डातले दिवे जळत असतात. या दोन्ही वस्तू रुग्णालयात न्या. ओळखीचे एक माणूस जवळ असू द्या, दिवसा जागे आणि रात्री झोपलेले राहतील असे पाहा, आणि वेदना सहन करायला लावू नका. भूलतज्ज्ञाला जांघेपाशी नस बधिर करणाऱ्या ब्लॉकबद्दल अवश्य विचारा. झोप लागत नाही म्हणून घरातली जुनी झोपेची गोळी मात्र देऊ नका. संभ्रम ओढवून आणणाऱ्या औषधांत त्या गोळ्यांचा क्रमांक बराच वरचा आहे.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिले, तेव्हापासून माझी कंबर दुखते. आता पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुन्हा मणक्यात सुई नको, असे मी सांगू शकते का?

पित्ताशयाची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलेखालीच होते, त्यामुळे तो प्रश्न उरणार नाही. कंबरदुखीचा दोष मात्र सुईकडे जात नाही. स्पायनलची सुई साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालच्या जागेत ती टोचली जाते. टोचलेल्या जागी दोन-चार दिवस ठणका राहतो, वर्षे नव्हे. प्रसूतिवेदनांसाठी वापरल्या जाणाऱ्या एपिड्यूरल या पाठीतल्या इंजेक्शनाची सुई याहून दुपटीपेक्षा अधिक जाड असते. इंग्लंडमध्ये पहिलटकरणींना एपिड्यूरल किंवा इतर वेदनाशामक असे दोन गट करून दोन वर्षांहून अधिक काळ त्यांची विचारपूस केली गेली; २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत कंबरदुखी दोन्ही गटांत सारखीच निघाली. गर्भारपणात सैल झालेले सांधेबंध, ताणलेले पोटाचे स्नायू आणि पुढची दोन-तीन वर्षे मूल कडेवर घेऊन वाकणे ही कारणे सुईपेक्षा कितीतरी जवळची आहेत. सहा वर्षे दुखणाऱ्या कमरेची तपासणी हाडांच्या डॉक्टरांकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी. ‘इंजेक्शनमुळे आहे, चालायचेच’ म्हणून ती अंगावर काढू नये.

स्पायनलचा खरा दुष्परिणाम वेगळा आहे, तो म्हणजे डोकेदुखी. उठून बसले की डोके फुटेल असे दुखते आणि आडवे झाले की थांबते. धारदार टोकाऐवजी पेन्सिलीच्या टोकासारख्या निमुळत्या सुया वापरल्यास ती निम्म्याहून कमी होते, हे २०१८ मध्ये शंभराहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले : ११ टक्क्यांवरून ४.२ टक्के.

प्रश्न : माझ्या अकरा महिन्यांच्या मुलाचे एक वृषण अंडकोशात उतरलेले नाही. शस्त्रक्रिया सांगितली आहे. भुलेमुळे मुलाच्या बुद्धीवर परिणाम होईल म्हणून सासूबाई पाच वर्षांपर्यंत थांबायला सांगतात.

सासूबाईंची काळजी निराधार नाही. प्राण्यांच्या पिल्लांवरील प्रयोगांत दीर्घकाळ भुलेची औषधे दिल्यावर मेंदूच्या पेशींवर परिणाम दिसला होता, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशाराही दिला होता. त्यानंतर आलेला पुरावा मात्र धीर देणारा आहे. सात देशांत ७२२ तान्ह्या बाळांवर हर्नियाची शस्त्रक्रिया करताना निम्म्यांना पूर्ण भूल आणि निम्म्यांना जागेपणी फक्त कमरेखालची भूल देण्यात आली. पाचव्या वर्षी त्यांची बुद्धिमत्ता मोजली, तेव्हा दोन्ही गटांची सरासरी ९९ च्या आसपास आली. अमेरिकेतील दुसऱ्या एका अभ्यासात एकाला लहानपणी भूल मिळालेली आणि दुसऱ्याला न मिळालेली अशा भावंडांच्या १०५ जोड्या तपासल्या. दोन्ही प्रकारच्या भावंडांचा सरासरी बुद्ध्यंक १११ होता.

या निष्कर्षांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते एकदाच आणि थोडा वेळ दिलेल्या भुलेला लागू होतात. पहिल्या अभ्यासात भुलेचा कालावधी साधारण एक तासाच्या आत होता. अनेक वेळा भूल मिळालेल्या मुलांत विचारांचा वेग आणि बोटांची सफाई किंचित कमी आढळल्याचे अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या २०१८ च्या अभ्यासात नोंदले आहे, जरी बुद्ध्यंकात फरक नव्हता. आपल्या मुलाची शस्त्रक्रिया छोटी आहे आणि ती दीड वर्षाच्या आत व्हावी अशी शिफारस आहे, कारण शरीराच्या आतल्या उष्णतेत राहिलेल्या वृषणाची पुढील वाढ बिघडते. थांबल्याने होणारे नुकसान निश्चित आहे, भुलेचे नाही. लहान मुलांना नियमित भूल देणारा भूलतज्ज्ञ मिळेल असे रुग्णालय निवडा. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले तरी जा.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा इंजेक्शन घेतो. हर्नियाची शस्त्रक्रिया दुपारी दोनला आहे. ‘रात्री बारापासून पाणीही नको’ असे सांगितले आहे. हे सर्व बरोबर आहे का?

येथे तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला उपाशी राहण्याचा. भूल देताना घशाचे रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया बंद होते आणि पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून हा नियम आहे. परंतु नेहमीच्या जेवणाला सहा ते आठ तास पुरतात, आणि स्वच्छ पाणी किंवा दुधाविना कोरा चहा निरोगी पोटातून दोन तासांत पुढे सरकतो. लहान मुलांना तर युरोपातील २०२२ च्या मार्गदर्शनाप्रमाणे एक तास आधीपर्यंत पाणी देता येते. दुधाचा चहा, ताक आणि पेज मात्र या सवलतीत बसत नाहीत. दुपारी दोनच्या शस्त्रक्रियेसाठी चौदा तास घशाला कोरड पाडणे हे शास्त्रापेक्षा रुग्णालयाच्या सोयीचे आहे : यादी मागेपुढे झाली तरी सगळे रुग्ण तयार असावेत, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या बाबतीत मात्र दुसरा प्रश्न या सवलतीच्या आड येतो. आठवड्यातून एकदा घेतल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या इंजेक्शनांमुळे पोट हळू रिकामे होते. भूक कमी होण्यामागे तेही एक कारण आहे. नियमाप्रमाणे उपाशी राहूनही पोटात घट्ट अन्न सापडल्याची प्रकरणे पुढे आल्यावर जून २०२३ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचे इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवा असे सांगितले. त्यात एक अडचण होती. शरीरातील सेमाग्लुटाइड निम्मे होण्यासच सुमारे आठवडा लागतो, म्हणजे एक डोस चुकवून पोट पूर्ववत होत नाही, मधुमेह मात्र बिघडू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून धोरण बदलले : बहुतेकांनी औषध चालू ठेवावे, ज्यांचा डोस अजून वाढवला जात आहे किंवा ज्यांना मळमळ, उलटी, पोट फुगणे हा त्रास आहे त्यांनी आदल्या दिवशी केवळ पातळ आहार घ्यावा, आणि शंका असल्यास भूल देण्यापूर्वी सोनोग्राफीने पोट तपासावे. ही तपासणी खाटेजवळ पाच मिनिटांत होते. हे इंजेक्शन अनेकजण ‘ते औषध थोडेच आहे, वजनाचे आहे’ म्हणून तपासणीच्या वेळी सांगतच नाहीत. आपण सांगा, आणि शेवटचा डोस कधी घेतला तो वारही सांगा. पाणी किती वाजेपर्यंत प्यायचे हे त्यावरच ठरेल.

तिसरी गोष्ट आपण विचारलेली नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या मधुमेहाच्या गोळीचे पाकीट उलटे करून बारीक अक्षरांतली नावे वाचा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असे नाव असेल, तर ती गोळी शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उपास आणि शस्त्रक्रियेचा ताण त्यात मिळाला की रक्तात आम्ल साचू लागते, आणि रक्तातील साखर मात्र जवळजवळ नेहमीसारखी दिसते. ग्लुकोमीटरवर १६० पाहून सगळे निश्चिंत राहतात आणि रुग्ण धापा टाकू लागतो. आपल्याकडे हे औषध मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या औषधासोबत एकाच गोळीत मिळते, तसेच हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या आजारातही दिले जाते. म्हणून मधुमेह नसलेल्यांच्या डब्यातही ते असते आणि ‘शुगरची गोळी घेता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर येते.

प्रश्न : हर्नियाच्या शस्त्रक्रियेत मला डॉक्टरांचे सगळे बोलणे ऐकू येत होते. माझी भूल कमी पडली होती का?

आपण सोबत पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर स्पायनलची नोंद आहे, आणि स्पायनलमध्ये ऐकू येणे अपेक्षितच असते. पूर्ण भुलेत जाग राहण्याचा प्रकार ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १९,००० मागे एकदा नोंदला गेला. पूर्ण भुलेखाली केलेल्या सिझेरियनमध्ये तो ६७० मागे एक इतका अधिक होता. रुग्णांना मुद्दाम खोदून विचारल्यास आकडा याहून वाढतो. मात्र ‘आपण जागे असाल, आवाज येतील’ हे आपल्याला आधी कोणीतरी सांगायला हवे होते.

प्रश्न : मी पंधरा वर्षे गुटखा खात होतो, आता तोंड पूर्ण उघडत नाही. दाढेच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनी तोंडात बोटे घालून पाहिली आणि ‘येथे होणार नाही, मोठ्या रुग्णालयात जा’ म्हणाले. एवढ्याशा शस्त्रक्रियेसाठी हे आवश्यक आहे का?

होय. पूर्ण भुलेत श्वासनलिकेत नळी घालावी लागते, आणि त्यासाठी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत स्वतःची तीन बोटे उभी बसतील इतके तोंड उघडावे अशी आमची अपेक्षा असते. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतले अस्तर पांढरट, ताठ होते, बोटाने चाचपले तर दोरीसारखे पट्टे लागतात, आणि एकच बोट जेमतेम जाते. हा ताठरपणा चट्ट्यांचा असल्यामुळे भूल दिल्यावर, स्नायू सैल केल्यावरही तोंड उघडत नाही. अशा रुग्णाला झोपवून मग नळी घालू म्हटले, तर श्वास थांबलेला आणि वाट बंद अशी वेळ येते. म्हणून घसा औषधाने बधिर करून, रुग्ण जागा असतानाच, लवचिक दुर्बिणीवरून नाकावाटे नळी सरकवतात. ती दुर्बीण आणि ती चालवणारा सरावाचा हात तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात नसतो. आपल्याला परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचे काम चोख केले आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण तरुण वयातच येतात. ‘शस्त्रक्रियेच्या तोंडावर सोडले तर खोकला वाढतो’ असे कारण आपण पत्रात बिडी न सोडण्यासाठी दिले आहे. ते अभ्यासांत टिकलेले नाही. धुराबरोबर रक्तात गेलेला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात बराच उतरतो, त्यामुळे आदल्या दिवशी सोडली तरी उपयोग होतो, आणि महिनाभर आधी सोडली तर फुप्फुसांच्या आणि जखमेच्या तक्रारी स्पष्टपणे कमी होतात. मोठ्या रुग्णालयात जाताना तोंड किती मिलिमीटर उघडते याची नोंद आणि पूर्वी कधी भूल मिळाली असल्यास तिचा कागद सोबत न्यावा.