बीसीसीआय ना-नफा संस्था आहे, मग तिला स्पर्धा कायदा कसा लागू होतो?

हो, लागू होतो, कारण 2002 चा स्पर्धा कायदा (बाजारातली स्पर्धा दडपणाऱ्यांना आवरणारा कायदा) संस्थेची नोंदणी कशी झाली हे बघत नाही, ती धंदा करते का एवढंच बघतो. प्रक्षेपणाचे हक्क विकणं, तिकिटं विकणं हा धंदाच झाला. स्पर्धा आयोगाने 2013 मध्ये बीसीसीआयला 52.24 कोटींचा दंड केला तो एका कलमापायी: आयपीएलला टक्कर देईल अशा दुसऱ्या देशांतर्गत ट्वेंटी-20 स्पर्धेला दहा वर्षं मान्यता देणार नाही, अशी हमी बोर्डाने प्रक्षेपण करारात दिली होती. म्हणजे पंचही आपण, दुकानदारही आपण! तो आदेश 2015 मध्ये अपिलात रद्द झाला, पण नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर, म्हणजे बोर्डाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून. फेरसुनावणीनंतर 2017 मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा ठोठावला.

मात्र संघटनेने खेळाडूंना बाहेरच्या लीगमध्ये खेळायला मनाई केली की कायदा मोडलाच, असं नाही. आपल्या खडकीचे हॉकीपटू धनराज पिल्ले आणि इतरांनी हॉकी इंडिया या हॉकी संघटनेविरुद्ध अशीच तक्रार केली होती. तिथे हॉकी इंडियाचं बाजारातलं वर्चस्व मान्य झालं, त्या वर्चस्वाचा गैरवापर मात्र सिद्ध झाला नाही; कायदा मोडतो तो गैरवापराने. खेळाच्या शिस्तीसाठी नियम खरंच गरजेचा होता का, यावर सगळं ठरतं.