चांगल्या डोळ्याची तपासणी कशासाठी?

“आजार उजव्या डोळ्याला आहे, मग तारा डाव्या डोळ्याला का लावताहेत? तोही गेला का?” पंचेचाळिशीच्या एका बाईंनी समोर बसताच मला हे विचारले. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, विषाणुजन्य दाहासाठी त्या रुग्णालयात दाखल होत्या आणि ईआरजी या, प्रकाशाला हा पडदा कसा प्रतिसाद देतो हे मोजणाऱ्या, तपासणीला नकार देऊनच माझ्याकडे आल्या होत्या. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की येथे तो सविस्तर मांडावासा वाटतो.

त्यांचा आजार कांजिण्या आणि नागीण घडवणाऱ्या विषाणूमुळे झाला होता. हा विषाणू मज्जापेशींत वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि क्वचित डोळ्याच्या पडद्यावर उठतो. उपचार न झाल्यास सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या दुसऱ्या डोळ्यालाही बाधा होते, आणि ती बहुधा पहिल्या 6 आठवड्यांत होते. विषाणुरोधक औषधाने हा धोका बराच कमी होतो. हे मी त्यांच्यापासून लपवले नाही, कारण ज्या भीतीला आधार आहे ती “काही होणार नाही” या शब्दांनी शमत नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र डोळे येतात तसा हा आजार हात लागून एका डोळ्यातून दुसऱ्यात जात नाही, हेही सांगितले.

त्यांची खरी धास्ती निराळीच होती: ते यंत्र डोळ्यात वीज सोडते, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात प्रकाश पडल्यावर दृष्टिपटलात जी सूक्ष्म वीज निर्माण होते, तीच ईआरजी मोजते. थेंबांनी बाहुली मोठी करून 20 मिनिटे अंधारात बसवतात, खालच्या पापणीपाशी बारीक धाग्यासारखा इलेक्ट्रोड ठेवतात आणि प्रकाशाचे झोत दाखवतात. आलेखावर आधी प्रकाशग्राही पेशींची खाली जाणारी लहर आणि तिच्या मागोमाग आतल्या थरातील पेशींची वर चढणारी लहर उमटते. या लहरींची उंची माणसागणिक बदलते. म्हणून आजारी डोळ्याचे किती नुकसान झाले हे ठरवायला त्याच माणसाचा दुसरा डोळा उत्तम मोजमाप ठरतो, शिवाय पुढे शंका आलीच तर तुलनेसाठी आजची नोंद हाताशी राहते.

बाईंनी तपासणी करून घेतली. डाव्या डोळ्याचा आलेख सामान्य आला, आणि आठवड्याभरात त्यांनी विषाणुरोधक गोळ्या स्वतःहून निम्म्यावर आणल्या. “अहवाल चांगला आहे ना, मॅडम?” असे त्यांनी अगदी निरागसपणे विचारले. हे ऐकून मला वाईट वाटले, कारण मी त्यांची भीती दूर केली होती, पण या तपासणीला काय दिसत नाही, हे सांगायचे राहिले होते. ही तपासणी संपूर्ण पडद्याचा एकत्रित प्रतिसाद नोंदवते. कडेला उमटलेला एखादा लहानसा ताजा चट्टा त्या बेरजेत सहज लपतो. तो शोधण्यासाठी डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत पुनःपुन्हा पाहावाच लागतो, आणि आलेख कसाही आला तरी गोळ्या ठरल्या मुदतीपर्यंत घ्याव्याच लागतात.

त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून पूर्ण मात्रा पुन्हा सुरू झाली. आम्ही दोघींनी मिळून एक कागद तयार केला: रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने घड्याळ पाहायचे, धूसरपणा, तरंगणारे नवे ठिपके, लाली, दुखणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यायचे. आता त्या प्रत्येक भेटीला तो कागद आणतात आणि गोळ्यांच्या रकान्यातील खुणा मला आधी दाखवतात.