एनसीचा कागद मुदत थांबवत नाही

तुमच्या पत्राचा गोषवारा असा आहे. तुमच्या राहत्या घरात दर रविवारी वीस-पंचवीस ख्रिस्ती माणसे उपासनेसाठी जमतात. अकरा महिन्यांपूर्वी एका रविवारी दहा-बारा जणांचा जमाव धर्मांतराचा आरोप करत घरात घुसला, त्याने उपासना बंद पाडली, पवित्र शास्त्राच्या प्रती फाडल्या आणि अडवायला गेलेल्या तुमच्या पत्नीला व पाळकांना मारहाण केली. ठाण्यात तुमची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेण्यात आली, गावच्या तंटामुक्ती समितीने समेटाचा शब्द दिला आणि पुढे पोलिसांनी तुम्हालाच घरात सभा घेऊ नये अशी नोटीस बजावली. तुमच्या वकिलांनी आता न्यायालयासाठी अर्ज तयार केला आहे. हल्ला ख्रिस्ती असल्यामुळेच झाला हे दाखवणारे कलम कोणते, आणि अल्पसंख्याक आयोगाकडे जावे की सर्वोच्च न्यायालयात, असे तुम्ही विचारता.

अशा आशयाची पत्रे मला वरचेवर येतात. गाव आणि माणसे बदलतात, पण हातातला कागद बहुतेकांचा एनसीचाच असतो. हल्ला निंद्य होता, उपासनेचा हक्क संविधानाने दिला आहे, हे मी पुन्हा सांगत बसत नाही, कारण तुमच्या प्रकरणाचा निकाल त्यावर लागणार नाही. तो लागेल घटनेला एक वर्ष पूर्ण होण्याच्या तारखेवर, आणि ती तारीख जेमतेम महिन्यावर आली आहे.

घटना 1 जुलै 2024 नंतरची असल्याने भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू होतात; पुढे गुन्ह्यांची कलमे पहिल्या संहितेची आणि कार्यपद्धतीची दुसऱ्या संहितेची आहेत. कायदेशीररीत्या चाललेल्या उपासनेत जाणूनबुजून अडथळा आणण्याचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम 300 मध्ये आहे आणि त्याची कमाल शिक्षा एक वर्ष कारावासाची आहे. घरात बेकायदा शिरण्याची कलम 329(4) खालील शिक्षाही एक वर्षापर्यंतच, आणि साध्या दुखापतीची, म्हणजे कलम 115(2) ची, तेवढीच. ज्या गुन्ह्याची शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नाही, त्याची दखल न्यायालयाने एक वर्षाच्या मुदतीनंतर घेऊ नये, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 514 सांगते. तुमच्या तक्रारीचा गाभा असलेले तिन्ही गुन्हे या एका वर्षाच्या मुदतीत येतात.

ही मुदत कोणत्या दिवशी थांबते, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिले आहे. कलम 223 खाली न्यायालयात फिर्याद दाखल झाल्याची तारीख, किंवा कलम 173 खाली पोलिसांनी खबर नोंदवल्याची तारीख, या दोनच तारखा त्यासाठी धरल्या जातात. न्यायालयाने प्रत्यक्ष दखल कधी घेतली याला महत्त्व नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 सालीच सांगितले होते. आता तुमची एनसी पाहा. ती कलम 174 खालची नोंद आहे, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची. कलम 173 ची नव्हे. त्यामुळे तुमच्या खिशातल्या या कागदाने मुदत एका दिवसानेही थांबवलेली नाही. तुम्ही लिहिता, ‘एनसी झाली म्हणजे केस चालूच आहे असे आम्ही समजत होतो.’ या एका गैरसमजात अकरा महिने गेले आहेत. एनसीच्या नोंदीनंतर पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगणे हे त्याच कलमाने पोलिसांवर घातलेले काम आहे. ते त्यांनी केले नाही, हे उघड आहे. पण ज्या कागदावर तुम्ही सही केली तो वाचून पाहणे हे तुमचे काम होते. त्यात ‘किरकोळ वादातून शिवीगाळ व धक्काबुक्की’ एवढेच लिहिले आहे. उपासना, जमाव, फाडलेले पवित्र शास्त्र, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नाही.

एनसी घेणेच मुळात चूक होते, आणि त्यासाठी कलम 174(4) पुरेसे आहे. एका प्रकरणात दोन किंवा अधिक गुन्हे असतील आणि त्यांतला एक जरी दखलपात्र, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकतील असा, असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते. शिवीगाळ आणि साधी मारहाण अदखलपात्र आहे. पण कलम 300, कलम 329(4), पवित्र मानल्या जाणाऱ्या वस्तूची धर्माचा अवमान करण्याच्या हेतूने नासधूस करण्याचे कलम 298 आणि दंग्याचे कलम 191(2) ही चारही दखलपात्र आहेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने 2013 मध्ये ठरवले. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आता कलम 173(3) मध्ये आहे खरी, पण वर सांगितलेली कलमे त्या पट्ट्यात बसत नाहीत. तेव्हा ‘आधी चौकशी करतो’ या उत्तरावर तुम्हाला परतवता येत नाही.

कलम 298 आणि 191(2) यांची शिक्षा दोन वर्षांपर्यंत असल्याने त्यांची मुदत तीन वर्षांची आहे, आणि एकत्र चालवता येणाऱ्या गुन्ह्यांना कलम 514(3) प्रमाणे सर्वांत जड गुन्ह्याची मुदत लागते. मग घाई कशाची, असे तुमचे वकील म्हणतील. त्यांचे म्हणणे कायद्याने चुकीचे नाही. पण पवित्र शास्त्र फाडल्याचा आणि जमावाचा लेखी उल्लेख वर्षानंतर प्रथमच झाला, तर ती नंतर रचलेली कहाणी आहे, मुदत वाढवण्यासाठीच हे दोन गुन्हे जोडले आहेत, असा बचाव पहिल्याच तारखेला येईल. न्यायालयाने तो अंशतः जरी मान्य केला, तरी कलम 300 पहिल्यांदा गळेल. वर्षाच्या आत दाखल केलेल्या फिर्यादीला या वादात पडण्याचे कारणच उरत नाही.

तुम्ही पाठवलेला मसुदा फक्त कलम 175(3) खालचा, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा असे मागणारा अर्ज आहे, ज्याला कोर्टात अजून सगळे जुन्या कलमावरून 156(3) च म्हणतात. नव्या कायद्यात दंडाधिकाऱ्याने आदेश देण्यापूर्वी पोलिसांचे म्हणणे विचारात घ्यायचे असते, आणि हा ‘से’ येईपर्यंत असे अर्ज महिनोन्महिने पडून राहतात, हे तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मुदत थांबवणाऱ्या दोन तारखांमध्ये या अर्जाच्या तारखेचे नाव नाही. म्हणून मसुदा बदलून घ्या. तो कलम 223 खालची फिर्याद म्हणून, सर्व गुन्हे, आरोपींची नावे आणि साक्षीदार यांसह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल करावा आणि त्यातच कलम 175(3) खाली तपासाचा आदेश देण्याची विनंती करावी. दखल घेण्यापूर्वी आरोपींना म्हणणे मांडण्याची संधी देण्याची नवी तरतूद कलम 223 मध्ये आहे. त्यात वेळ जाईल, पण फिर्यादीची तारीख तोवर नोंदलेली असेल.

तपासाची विनंती टिकावी यासाठी दोन गोष्टी सोबत लागतात. पहिली, शपथपत्र. दुसरी, कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी खबर दिल्याचा पुरावा. ही दुसरी पायरी तुम्ही आजवर चढलाच नाहीत आणि ती नसल्यावर अर्ज फेटाळले जातात. ठाण्यात नवी, सविस्तर, सहीची खबर द्या आणि पोच घ्या. ती घेतली नाही तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने अधीक्षकांना पाठवा. त्यांच्या उत्तरासाठी फिर्याद थांबवून ठेवू नका.

तंटामुक्ती समितीच्या शब्दावर तुम्ही सात महिने काढलेत. त्यामागची गावात राहण्याची निकड मी समजू शकते, आणि शेजाऱ्यांशी बोलणी सुरू ठेवण्याला माझा विरोध नाही. पण कलम 298 आणि 300 हे आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाहीत, समितीसमोर झालेल्या समेटाने ते संपत नाहीत आणि समितीत गेलेला काळ मुदतीतून आपोआप वजा होत नाही.

आता तुम्ही विचारलेले कलम. बहुतेकांना धार्मिक भावना दुखावण्याचे जुने 295अ, म्हणजे आताचे कलम 299, हवे असते. दोन समाजांत वैर पसरवण्याचे कलम 196 ही हवे असते. दोन्हींची दखल न्यायालयाला राज्य किंवा केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, हे कलम 217 चे बंधन आहे. मंजुरी मिळेल की नाही आणि कधी, हे तुमच्या हातात नाही. घटनेतली वाक्ये तशी असतील तर ही कलमे मांडावीत, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नये. कलम 298 आणि 300 ला अशी मंजुरी लागत नाही. धर्मद्वेषाचा हेतू दाखवायचा असेल तर ‘आमचा छळ होतो’ हे वाक्य मसुद्यात पाच ठिकाणी आले आहे ते काढा आणि त्या जागी कोण काय बोलले, कोणत्या क्षणी बोलले, पवित्र शास्त्र कोणाच्या हातून कोणी ओढून घेतले, हे लिहा.

ही केवळ भाषेची शिस्त नाही. ख्रिस्ती समाजावरील हल्ल्यांबाबत बंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो आणि इतरांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2022 रोजी आठ राज्यांकडून माहिती मागवण्यास सांगितले, तेव्हा विचारले गेले ते एफआयआर, तपासाची स्थिती, अटका आणि दोषारोपपत्रे यांविषयी. त्या याचिकेतल्या अनेक घटना खाजगी वादाच्या असून त्यांना छळाचे रूप दिले आहे, अशी केंद्र सरकारची भूमिका होती. तुमची एनसी जशी लिहिली आहे तशी राहिली, तर तुमची घटनाही किरकोळ वादातच मोजली जाईल, आणि त्या मोजणीखाली तुमचीच सही असेल.

एफआयआर झाला म्हणजे न्याय मिळाला असेही नाही. ओडिशातील कंधमाळच्या 2008 च्या हिंसाचाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2 ऑगस्ट 2016 च्या निकालात नोंदवले की 827 गुन्ह्यांपैकी 512 मध्ये दोषारोपपत्रे गेली, 315 मध्ये अंतिम अहवाल देऊन तपास बंद झाला, आणि निकाली निघालेल्या 362 खटल्यांपैकी फक्त 78 मध्ये शिक्षा झाली. न्यायालयाने त्या 315 प्रकरणांचा फेरविचार करण्यास सांगितले. आठ वर्षांनंतर का होईना, असा आदेश देता आला, कारण ती प्रकरणे गुन्हे म्हणून नोंदलेली होती. अल्पसंख्याक आयोगाकडे जरूर लिहा. आयोग अहवाल मागवू शकतो, शिफारस करू शकतो, पण त्याच्याकडच्या तक्रारीने तुमची मुदत थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयात थेट जाण्याचा सल्ला मी देणार नाही. खालचे उपाय वापरलेत का, हाच तेथला पहिला प्रश्न असेल.

पोलिसांची नोटीस कलम 168 ची दिसते, पण तिचे दुसरे पान तुम्ही पाठवलेले नाही, म्हणून तिच्यावर ठाम मत देत नाही. घरातल्या प्रार्थनेसाठी कोणती परवानगी हवी आणि ती कोणत्या कायद्याखाली, हे विचारणारे लेखी उत्तर द्या. ध्वनिक्षेपक लावत असाल तर तो बंद ठेवा, कारण कलम 300 मधल्या ‘कायदेशीररीत्या’ या अटीवर बचाव पक्ष तिथूनच बोट ठेवेल. दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई, झाली तर घाबरू नका. ती शिक्षा नव्हे, मात्र वकिलाला विचारल्याशिवाय बंधपत्रावर सही करू नका. धर्मांतराचा गुन्हा दाखल करण्याची धमकी जमावातल्या लोकांनी दिली आहे. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे आणि तक्रार कोण करू शकतो याचे नियमही वेगळे आहेत. पण घटनेच्या दिवशी जो दंडात्मक कायदा लागू नव्हता तो मागे जाऊन लावता येत नाही, ही संविधानाच्या अनुच्छेद 20(1) ची हमी सर्वत्र सारखी आहे.

पुराव्याबाबत मात्र मला कठोर बोलावे लागते. चित्रफीत ग्रुपवर टाकली आणि मूळ मोबाइलमधून पुसली, हे तुम्ही सहज लिहून गेला आहात. ज्याच्या फोनवर ती पहिल्यांदा पोहोचली त्याचा फोन तसाच ठेवायला सांगा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र त्याच्याकडून घ्यावे लागेल आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीवर आक्षेप येणार हे गृहीत धरा. पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढलेला नसेल तर हाड मोडल्याचे लिहू नका. उपजिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरवर जेवढे आहे तेवढेच मांडा.

हल्लेखोरांपैकी चौघांना तुम्ही नावाने ओळखता, म्हणून त्यांच्यासाठी मुदत घटनेच्या दिवसापासूनच मोजली जाईल. ज्यांची ओळख नंतर पटली त्यांच्याबाबत कलम 515 ची सवलत मागता येईल. ती नावे कधी व कशी कळली हे फिर्यादीत लिहा. काही कारणाने वर्ष उलटलेच, तर कलम 519 खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो आणि समितीचे लेखी पत्र असेल तर ते त्यासोबत जोडावे. हा अर्ज मंजूर होईलच असे सांगता येत नाही, म्हणून फिर्याद शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. कोर्टाला सलग सुट्ट्या आहेत का ते आजच पाहा आणि दाखल करताना तारखेचा शिक्का व नोंदणी क्रमांक असलेली प्रत हातात घेऊनच बाहेर पडा.